हात न टेकता

माझ्या विहीणबाईंना खुर्चीत बसलेलं पाहिलेला माणूस सगळ्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मी डोंबिवलीची, त्या बाळकुमच्या. माझी केतकी त्यांच्या एकुलत्या एका मुलाला दिली, तेव्हापासून मी त्यांना उभं पाहिलं आहे, उकिडवं पाहिलं आहे, वज्रासनात पाहिलं आहे, एका पायावर उभं राहून दात घासताना पाहिलं आहे. एकदा तर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या हॉलच्या भिंतीला टाचा लावून खाली डोकं वर पाय अशा होत्या आणि त्याच अवस्थेत त्यांनी मला 'या, बसा' म्हटलं. पण खुर्चीचं नाव काढायचं नाही. टपाल खात्यात खिडकीमागच्या उंच स्टुलावर त्यांची सगळी नोकरी गेली. निरोपसमारंभात त्यांच्यासाठी मखमली खुर्ची मांडली होती, तर 'माझा बसायचा कोटा संपला' असं सांगून त्यांनी साहेबांचं लांबलचक भाषण उभ्याने ऐकलं, आणि त्या उभ्या म्हणून सगळं ऑफिसही उभं राहिलं. हे मला व्याह्यांनी सांगितलं. व्याही सज्जन आहेत. त्यांना घरात स्वतःची खुर्ची आहे, पण ती गॅलरीत ठेवलेली आहे.

त्यांची माझी पहिली भेट याच खुर्चीपायी गाजली. मुलांचं आपसांत ठरलेलं होतं, आमच्याकडे फक्त कांदेपोहे उरले होते. तरी मुलाकडची माणसं येणार म्हणून मी सोफ्याला नवी कव्हरं घातली, उशांचे कोपरे ओढून सरळ केले. विहीणबाई आत आल्या, सोफ्याकडे एक नजर टाकली आणि टीपॉयशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. झालं! मुलाची आई खाली बसली म्हणजे रुसली, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. माझे यजमान माझ्याकडे बघायला लागले, मी पोह्यांकडे बघायला लागले. आता मुलाकडचं माणूस खाली आणि आपण वर, हे तर शोभणारच नव्हतं. मी खाली बसले. मग हे बसले, व्याही बसले, होणारे जावई बसले, केतकी चहाचा ट्रे घेऊन आली आणि तीही गोंधळून ट्रेसकट बसली. नवी कव्हरं घातलेला सोफा रिकामा आणि आम्ही सगळे त्याच्या पायथ्याशी.

खरी पंचाईत पुढे होती. पोह्यांवर आणखी लिंबू आणायला मला उठायचं होतं आणि मला उठता येईना. गुडघ्यांनी माझी साथ सोडून बराच काळ लोटला होता. मी आधी टीपॉयला धरलं, मग यजमानांच्या खांद्याला, अर्धी उठले आणि परत बसले. विहीणबाई हातातली बशी खाली ठेवून माझ्याकडे निरखून बघत होत्या.

"गुडघे?" त्यांनी विचारलं.

"हो, जरा झीज आहे म्हणतात."

"गुडघ्यांचा काही दोष नाही. तुमच्या मांड्यांनी काम सोडलंय आणि गुडघे बिचारे एकटे राबतायत."

माझ्या मांड्यांविषयी चारचौघांत, तेही होणाऱ्या जावयांसमोर, आजवर कोणी ब्र काढलेला नव्हता. जावई कानापर्यंत लाल झाले. लग्न ठरलं हे मुलांचं नशीब.

मुलाच्या आईचा मान ही काय चीज असते ते मुलगी असलेल्यांनाच विचारावं. मी दबकत दबकत फोन केला आणि पैठणी कोणत्या रंगाची आवडेल ते विचारलं. "पैठणी नको," त्या म्हणाल्या, "एक कपाटात आहे, ती नेसून खाली बसता येत नाही. द्यायचंच असेल तर केटलबेल द्या. लोखंडी गोळा असतो, वर मूठ असते. सोळा किलोचा आणा, बाराचा माझ्याकडे आहे." आम्ही दोघं ठाण्यात जाऊन तो गोळा घेऊन आलो. दुकानदाराने कोणासाठी विचारलं, यांनी 'विहिणीसाठी' सांगितलं, तेव्हा त्याने यांच्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. रुखवतात तो कुठे ठेवावा हा प्रश्न होता. शेवटी लाडवांचा मनोरा आणि चुरम्याचं तुळशीवृंदावन यांच्या मधोमध, जरीचा खण गुंडाळून ठेवला. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि मनोभावे नमस्कार केला. मान द्यायची वेळ आली तेव्हा मी आणि माझा भाऊ असा दोघांनी तो परातीतून नेला. विहीणबाईंनी शालूचा पदर खोचला, एका हाताने मूठ धरली, गोळा डोक्याच्या वर नेला, तिथे क्षणभर थांबवला आणि परत परातीत ठेवला. "मूठ चांगली आहे," म्हणाल्या. सनईवाला मध्येच थांबला होता, त्याला कोणीतरी खूण करून पुन्हा सुरू केलं.

यावरून कोणाला वाटेल की बाई नुसती वजनं उचलते. तसं त्यांच्यासमोर म्हणून बघा. त्यांच्या मते शरीराचं ताट असतं आणि वजन उचलणं हा त्यातला भात. नुसता भात खाऊन कोणी जेवलो म्हणत नाही. त्यावर आसनांचं वरण पाहिजे, चालण्यापोहण्याची भाजी पाहिजे, आणि खेळाचं लोणचं नसेल तर माणूस चार दिवसांत ताटावरून उठतो. म्हणून त्या काही सकाळी माजिवड्याच्या जिममध्ये असतात, काही सकाळी योगवर्गात, उन्हाळ्यात तलावात, आणि श्रावण लागला की मंगळागौरीच्या मंडळाबरोबर ठाण्यापासून कल्याणपर्यंत दिवाणखाने हादरवत फिरतात. जिममधल्या नव्या ट्रेनरने पहिल्या दिवशी त्यांच्या दोन्ही हातांत वजनं देऊन "आंटी, ये लेके उधर तक चलने का, इसको फार्मर्स वॉक बोलते हैं" असं शिकवलं. विहीणबाई पूर्वी बरीच वर्षं दिवा स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर राहत होत्या, आणि नळाला पाणी येणं हा तिथे सणवार होता. त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, वजनं जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "बाळा, आमच्या दिव्यात याला पाणी भरणं म्हणतात."

त्याच जिममध्ये एक दंडबिंड फुगवलेला मुलगा होता, त्याला बुटाची नाडी बांधायला वाकता येत नव्हतं. विहीणबाईंनी त्याला तिथेच, आरशांसमोर, स्वतःबरोबर बसफुगडी घालायला लावली. उकिडवं बसून हात धरायचे आणि पाय आलटून पालटून पुढे टाकायचे, एवढंच. दुसऱ्याच उडीला तो बसकण मारून मोकळा. "एवढी ताकद कमावलीस, पण तिला घेऊन जाणार कुठे?" असं विचारून त्यांनी त्याला योगवर्गात धाडलं. योगवर्गात उलट तऱ्हा. तिथली एक बाई स्वतःची टाच कानाला लावायची, पण घरचा पिठाचा डबा फळीवर चढवायला नवऱ्याला हाक मारायची, तिला यांनी जिममध्ये धाडलं. मंगळागौरीच्या बायकांचीही सुटका नाही. पिंगा घालून ज्यांचे गुडघे धरायचे त्यांना तालमीच्या आधी पाण्याच्या बाटल्या भरलेल्या पिशव्या घेऊन उठाबशा काढायला लागतात. 'आपल्या आज्यापणज्यांनी एका रात्रीच्या खेळांत तोल, दम आणि लवचिकपणा सगळं बसवून ठेवलं होतं,' असं त्या सांगतात. 'ताकद तेवढी त्यांनी वेगळी शिकवली नाही, कारण ती जातं दळून आणि पाणी शेंदून आयती मिळायची. आपल्याकडे मिक्सर आहे, मग आपण वजन उचलायला नको?'

घरातलं सांगायचं तर व्याह्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेले आहेत. विहीणबाईंना दोन्ही हातांत सारखं वजन लागतं, नाहीतर म्हणे कणा एका बाजूला रुसतो. एकदा त्यांनी उजव्या हातात कलिंगड घेतलं आणि डावा हात मोकळा राहू नये म्हणून तेवढ्याच वजनाचा लाल भोपळा घेतला. कलिंगड एका दुपारी संपलं. भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, भोपळ्याचे घारगे असं करत करत व्याह्यांचा चेहरा पिवळट दिसायला लागला, तेव्हा कुठे तो भोपळा संपला. "पुढल्या वेळी दोन कलिंगडं घे," एवढंच ते म्हणाले.

तर मागच्या वर्षी केतकीला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे. आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. केतकी झाली तेव्हा माझ्या आईने तिला स्वतःच्या पायांवर घेऊन अंघोळ घातली होती. पाटावर बसायचं, पाय समोर लांब करायचे, दोन पोटऱ्यांमधल्या खळग्यात बाळाला ठेवायचं, तेल चोळायचं, पालथं करायचं, उताणं करायचं, मग डोळ्यांत जाऊ न देता पाणी घालायचं. आणि सगळ्यात शेवटी ते ओलं, निसरडं बाळ पंच्यात गुंडाळून छातीशी धरून उठायचं. दोन्ही हात बाळाला लागतात, त्यामुळे उठताना हात टेकता येत नाहीत. हे मी माझ्या खोलीच्या दारातून रोज बघत असे आणि मनाशी म्हणत असे की एक दिवस मी माझ्या नातवंडाला अशीच अंघोळ घालीन. मी आयुष्यात फारसे हट्ट केले नाहीत. हा एक मनात होता.

केतकीला ते ठाऊक नव्हतं. ती सहज बोलून गेली, "आई, तू बाळाच्या अंघोळीचं टेन्शन घेऊ नकोस. तुझे गुडघे असे. सासूबाई येतील ना रोज, त्या एकदम फिट आहेत." तिसऱ्या मजल्यावरच्या साठेबाईंनी तेल-मालिशवाली बाई लावायचा सल्ला दिला. यजमानांनीही "बाई लावू की" म्हटलं. तिघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि तिघांचाही मला भयंकर राग आला. मी रात्री जेवले नाही. पित्त झालंय असं सांगितलं.

केतकीने तिचा विचार सासूच्या कानावर घातला असावा. त्या आठवड्यात दाराची बेल वाजली आणि दारात विहीणबाई. ट्रॅकपँट, त्यावर कुर्ता, गळ्यात मंगळसूत्र आणि पाठीला पोत्याएवढी सॅक. लिफ्ट असताना पाच मजले चढून आलेल्या, पण दम मलाच लागला.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," त्या चपला काढता काढता म्हणाल्या. "अंघोळ माहेरची आजी घालते. मी मध्ये लुडबुड करणार नाही. पण तुम्हाला जमिनीवरून उठवायचं काम माझं. केतकीच्या आई, गच्चीची किल्ली कोणाकडे असते?"

अशी माझी शाळा सुरू झाली. त्या आठवड्यातून दोनदा डोंबिवलीला येत आणि उरलेल्या दिवसांचा अभ्यास देऊन जात. आधी खुर्चीवरून उठायचं, पण हात छातीवर बांधून. ते जमलं की स्टुलावरून, मग पाटावरून, मग जमिनीवरून. हा झाला भात. मग पाय लांब करून कमरेतून पुढे वाकायचं, कारण पाटावर बसून बाळाला न्हाऊ घालताना पाठीचा धनुष्यबाण करून चालत नाही. मग हातांनी नि पायाच्या चवड्यांनी शरीर तोलून फळीसारखं आडवं राहायचं. यात किती वेळ मोजायचा हे त्यांनी घड्याळावर ठेवलं नव्हतं. "उखाणा घ्या," त्या म्हणत, "उखाणा पूर्ण झाला की खाली." आडव्या अवस्थेत, हात थरथरत असताना, माणसाला नवऱ्याचं नावसुद्धा धड आठवत नाही. मी एकदा दात-ओठ खाऊन म्हटलं:

"खाडीवरच्या पुलाला रंग दिला नवा,
अरविंदरावांचं नाव घेते, आता खाली ठेवा."

"नाव चांगलं घेतलंत, पण कंबर पडली. दुसरं घ्या."

अरविंदराव तेव्हा गच्चीच्या जिन्यात टाकीचं झाकण बघायला आले होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपलं नाव कोणी असं कण्हत घेतंय हे ऐकून ते हळूच खाली निघून गेले.

सोसायटीत आधी बोलबाला झाला की डोंबिवलीच्या विहिणीला बाळकुमची विहीण गच्चीवर नेऊन उठाबशा काढायला लावते, मुलीच्या लग्नात मानपानात काहीतरी कमी पडलं असणार. मग विहीणबाईंनी तोल आणि दम यासाठी फुगडी सुरू केली, तेव्हा तो बोलबाला थांबला, कारण भांडलेल्या विहिणी फुगडी घालत नाहीत. साठीच्या आसपासच्या दोन बायका, एकमेकींचे हात धरून, मागे रेलून गरगर फिरतायत, पाण्याच्या टाक्या आणि डिशच्या छत्र्या भोवती फिरतायत, आणि मी मध्येच घाबरून जवळ येऊ लागले की त्या ओरडायच्या, "रेला हो मागे! मी धरलंय!" मी रेलायचे. त्यांची पकड अशी होती की मी खुशाल डोळे मिटून फिरले.

बाळाचा सराव करायला त्यांनी तीन किलो तांदळाची पिशवी आणली. पण नुसती पिशवी कशी घ्यायची? होणाऱ्या बाळासाठी आधीपासून कपडे आणायचे नसतात हे आम्हा दोघींनाही मान्य होतं. मग त्यांनी स्वतःच्या मुलाचं, म्हणजे आमच्या जावयांचं, जपून ठेवलेलं जुनं झबलं आणि टोपडं आणलं आणि ते पिशवीला घातलं. मी गच्चीवर पाटावर बसून पिशवीला पायांवर पालथं घालून तेल लावतेय, आणि साठेबाई मिरच्या वाळत घालायला वर आल्या. त्यांनी मागून टोपडं पाहिलं, तेलाची वाटी पाहिली आणि चाहूलसुद्धा न देता आल्या पावली खाली गेल्या. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली. दाराशी डिंकाचे लाडू आले. केतकी तेव्हा सातव्या महिन्यात, ठाण्याच्या ऑफिसात बसलेली, आणि तिला एकामागून एक फोन, 'नॉर्मल की सिझर?' जावयांच्या झबल्याचं खरं कारण कळल्यावर ती इतकी हसली की बाळाने म्हणे आतून लाथ मारली. लाडू मात्र आम्ही परत केले नाहीत. विहीणबाई म्हणाल्या, डिंक सांध्यांना चांगला.

सगळं असं मजेत चाललं होतं असं मात्र नाही. पावसाळा संपता संपता एक दिवस मी पिशवी छातीशी धरून उठत होते. अर्ध्यापर्यंत छान आले. मग डावा गुडघा आतल्या बाजूला वळला, मी हात टेकायला सोडला आणि पिशवी निसटून पडली. शिवण उसवली. झबल्याच्या गळ्यातून आणि बाह्यांतून तांदूळ गच्चीभर पसरले. मी ते बघतच राहिले. तिथे तांदूळ दिसतच नव्हते मला. मी मटकन खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडायला लागले.

"तुम्हीच घाला अंघोळ," मी म्हणाले. "मला नाही जमायचं. माझ्या हातून काही झालं तर मी काय तोंड दाखवू? केतकीचं बरोबर होतं. तुम्हीच या रोज."

विहीणबाई उकिडव्या बसून तांदूळ गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हे पुन्हा बोलू नका, केतकीच्या आई," त्या म्हणाल्या. "मी हो म्हणेन."

मी डोळे पुसायची थांबले.

"मला मुलगी नाही," त्या तांदळांशी बोलल्यासारख्या बोलत राहिल्या. "माझा मुलगा झाला तेव्हा त्याला माझ्या आईने न्हाऊ घातलं. मी खोलीत पडून नुसता पाण्याचा आवाज ऐकायचे. सुनेचं पहिलं बाळंतपण सुनेच्या माहेरी. दुसरं हल्ली कोणी करत नाही. म्हणजे मी सोळा किलो उचलीन, वीस उचलीन, पण तीन किलोचं बाळ पायावर घ्यायची पाळी माझ्यावर येत नाही. केतकीने मला विचारलं त्या दिवशी मी लगेच हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, जिची पाळी आहे तिचे पाय चालत नाहीत म्हणून मी तिची पाळी घ्यायची, हे काही बरं नाही. आधी पाय चालवून बघू." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता तुम्हीपण वेचा. बसल्या बसल्या नाही, वाकून. कमरेतून."

मी वाकून तांदूळ वेचले. सगळे वेचले. त्या दिवसानंतर माझा गुडघा दुखला नाही असं नाही, कधी कधी दुखायचाच. तो दुखला की त्या वजन कमी करायच्या, पाय भिंतीला टेकून झोपायला लावायच्या, पण सुट्टी मिळायची नाही. आणि मला सांगायला अभिमान वाटतो की दिवाळीच्या आधी मी जमिनीवरून, पिशवी छातीशी धरून, हात न टेकता, एका दमात उठले. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "आता बोलता बोलता उठा," म्हणाल्या, "बाळ रडत असताना गप्प बसून चालत नाही."

थंडीत केतकीला मुलगी झाली. मी तिला पहिल्यांदा पायांवर घेतलं तेव्हा माझ्या पायांना तिचं वजन कळलंच नाही. तिचं ऊन अंग मात्र कळलं. ती ओरडत होती, मी बोलत होते, पाणी घातलं, पंच्यात गुंडाळली आणि उठले. उठल्यावर माझ्या लक्षात आलं की मी उठले. यजमान दाराशी उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना म्हटलं, धुरीला वेखंड टाका, उभे काय राहिलात. मला फार आनंद झाला होता आणि तो मला कोणाला दाखवायचा नव्हता.

विहीणबाई नातीला बघायला येत, पण अंघोळीच्या वेळेला न्हाणीच्या दाराशी हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. एकदाही त्यांनी 'द्या इकडे' म्हटलं नाही. "पाठीतून नका वाकू, कमरेतून वाका," एवढंच सांगत. बाळ ओरडलं की त्यांचे पाठीमागचे हात एकमेकांना घट्ट धरत. ते मला त्यांच्यामागच्या भिंतीवरच्या आरशात दिसायचे.

तीन महिने झाले आणि बाळ बाळकुमला न्यायचा दिवस ठरला. तिकडे केतकीने टब आधीच मागवून ठेवला होता. टबात काय, बाळाला कोणीही बसवतं. आदल्या सकाळी विहीणबाई सामान बांधायला आल्या. तेल कोमट केलेलं होतं, पाणी काढलेलं होतं, पाट मांडला होता. मी पाटाकडे गेले, अर्धवट वाकले आणि कळवळून गुडघा धरला.

"आज नाही हो जमायचं. फारच धरलाय."

"बसून उठा बघू," त्या म्हणाल्या.

मी जमिनीवर बसले. उठताना दोन्ही हात टेकले, तोंड वेडंवाकडं केलं, 'आई गं' म्हटलं, टीपॉय धरायला हवं होतं म्हणून नसलेलं टीपॉय शोधलं. नाटक इतकं वाईट झालं की केतकी हसू लपवायला भिंतीकडे वळली. विहीणबाईंना माणूस दारातून आत येताच त्याचा कोणता स्नायू आखडला आहे ते कळतं. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. असल्या उठण्याला एरवी त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज मात्र त्यांनी ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, पाटावर बसल्या आणि पाय लांब केले.

मी बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं. तेल मी दिलं, पाणी मी दिलं. त्यांनी माझ्या आईसारखीच सगळी अंघोळ घातली, कोणी न शिकवता. बाळ थोडं रडलं आणि मग कोमट पाण्याखाली डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहिलं. त्यांनी तिला पुसलं, पंच्यात गुंडाळलं, छातीशी धरलं.

"उठा आता," मी म्हणाले, "धुरी तयार आहे."

त्या उठल्या नाहीत. मी थोडी थांबले. पायाला मुंग्या आल्या असतील, असं वाटून मी वाकले आणि हात पुढे केला.

"उठता येत नाहीये का, विहीणबाई?"

"येतंय हो," त्या म्हणाल्या. "उठायचं नाहीये."

मी बाळावर आणखी एक दुपटं घातलं, धुरी तिथेच उचलून आणली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. केतकी सामान बांधायला म्हणून आत गेली. आम्ही तिघी तिथे बराच वेळ बसून होतो.